पेज व्ह्यू : मोजमाप पानांचे की माणसांचे?

वृत्तपत्रांच्या व्यवसायात 'खप' आणि 'वाचकसंख्या' हे दोन आकडे वेगळे मानले जातात. १९४८ साली स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था विकल्या गेलेल्या प्रतींची तपासणी करते. त्यातली एखादी प्रत घरातल्या चौघांनी वाचली की घडीही न मोडता रद्दीत गेली, हे तिच्या आकड्यात दिसत नाही. ते जाणून घेण्यासाठी घरोघरी जाऊन वाचकांची पाहणी करावी लागते. संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र हा भेद फारसा पाळला जात नाही. 'आमच्या संकेतस्थळाला महिन्याला इतके लाख पेज व्ह्यूज आहेत' असे एक वाक्य खप आणि वाचकसंख्या या दोहोंसाठी सर्रास वापरले जाते, आणि ऐकणारा त्या लाखांच्या जागी नकळत माणसे कल्पितो.

पेज व्ह्यू या संज्ञेला मराठीत अद्याप रूढ प्रतिशब्द नाही. तिचा अर्थ असा: संकेतस्थळावरील एक पूर्ण पान एकदा मागितले जाणे किंवा पडद्यावर उघडले जाणे, आणि त्याची एक नोंद होणे. तेच पान त्याच वाचकाने पुन्हा उघडले की दुसरी नोंद होते. पान वाचले गेले का, किती वेळ पाहिले गेले, पाहणारे किती होते, यांपैकी कशाचाही या व्याख्येशी संबंध नाही. ही व्याख्या दिसते तितकी सरळ नाही, हे समजून घेण्यासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचे उदाहरण उपयोगी पडते.

नोव्हेंबर २०१८ पासून या दोन तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यातला ४.१ रिश्टरचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. पुढील काळातही धक्के येत राहिले. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी येथे भूकंपमापक यंत्रे बसवली, आणि कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूत काढल्या. अशा वेळी भांडी वाजली, कौले हलली की पहिला प्रश्न येतो तो 'हा भूकंपच का, आणि किती रिश्टरचा?' त्याचे उत्तर आता मोबाइलवर शोधले जाते.

समजा, तलासरीजवळच्या एका घरात रात्री अकराच्या सुमारास धक्का जाणवला. घरातला मुलगा मोबाइलवर भूकंपांची यादी देणारे पान उघडतो. यादीत अजून काही नाही, म्हणून तो ते पान ताजे करतो. चौथ्यांदा नोंद दिसते. त्याच्या खांद्यावरून आई, वडील, आजी आणि शेजारचे दोघे पाहत असतात. या प्रसंगाची संकेतस्थळाच्या हिशेबात काय नोंद होईल? पेज व्ह्यूज ४, भेट १, वापरकर्ता १. प्रत्यक्षात माहिती मिळाली सहा जणांना. हे सगळे आकडे आपापल्या जागी खरे आहेत. त्यांपैकी एकाच्या जागी दुसरा वापरला की घोटाळा होतो.

हिट, पान आणि भेट

या आकड्यांच्या आधीचा आणि सर्वांत बदनाम झालेला आकडा म्हणजे 'हिट'. संगणकीय पान ही एक फाईल नसते. बोधचिन्ह, नकाशा, छायाचित्रे, अक्षरांची मांडणी सांगणारी फाईल अशा अनेक फायली मिळून ते बनते आणि ब्राउझर त्या एकेक करून सर्व्हरकडून मागवतो. अशी प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. वरच्या उदाहरणातील पानाला मूळ फाईलखेरीज आणखी २२ फायली लागत असतील, तर ते चार वेळा उघडल्यावर ९२ हिट्सपर्यंत मजल जाईल. पानावर आणखी चार चित्रे चिकटवली तर एकही वाचक न वाढता हिट्स वाढतील. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षे 'दहा लाख हिट्स'च्या ज्या जाहिराती झळकत, त्यांमागे बहुधा हेच गणित असे. त्याच काळातले पानाच्या तळाशी फिरणारे 'आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात' हे काउंटर अनेकांना आठवत असतील. ते शून्याऐवजी पन्नास हजारांपासून सुरू करण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती.

पेज व्ह्यू ही हिट्समधून सोडवून काढलेली संख्या आहे. सुरुवातीला ती सर्व्हरच्या नोंदवहीवरून, म्हणजे 'लॉग'वरून काढली जाई. या नोंदवहीत प्रत्येक मागणीची एक ओळ असते: मागणाऱ्या संगणकाचा आयपी पत्ता, दिनांक व वेळ, मागितलेली फाईल, सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा क्रमांक, पाठवलेल्या बाइट्सची संख्या आणि बहुतेक वेळा ब्राउझरचे नाव. उत्तराचा क्रमांक २०० असेल तर पान दिले गेले, ४०४ असेल तर ते सापडले नाही. चित्रांच्या आणि साहाय्यक फायलींच्या ओळी वगळायच्या, चुकलेल्या मागण्या वगळायच्या आणि उरलेल्या ओळी मोजायच्या. अॅनालॉग, वेबलायझर, एडब्ल्यूस्टॅट्स ही त्या काळची सॉफ्टवेअर हेच काम करीत.

या पद्धतीत नोंदवही विश्वासू होती, पण तिला सगळे दिसत नव्हते. एकदा पाहिलेले पान ब्राउझर स्वतःजवळ साठवून ठेवतो. वाचक 'मागे' गेला की ते तिथूनच दाखवले जाते आणि सर्व्हरला पत्ताही लागत नाही. सायबर कॅफेत किंवा कार्यालयात मधला प्रॉक्सी सर्व्हर एकदा आणलेले पान पुढच्या दहा जणांना परस्पर देत असे. साध्या मोबाइल संचांवर लोकप्रिय झालेला ऑपेरा मिनी हा ब्राउझर तर पान आपल्या सर्व्हरवर मागवून, दाबून लहान करून मग हातात देतो. त्यामुळे नोंदवहीत वाचकाऐवजी त्या कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता उमटू शकतो.

यावर उपाय म्हणून दुसरी पद्धत आली. पानातच जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा घालायचा आणि पान ब्राउझरमध्ये उघडताच त्याने मोजणी करणाऱ्या सर्व्हरला निरोप धाडायचा. गुगलने २००५ साली अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुगल अॅनालिटिक्स ही सेवा विनामूल्य खुली केली. तेव्हापासून लहान संकेतस्थळांतही ही पद्धत रूढ झाली. हा तुकडा ब्राउझरमध्ये 'कुकी' ठेवून त्याला ओळख देतो. त्यामुळे एकाच ब्राउझरच्या मागण्या जोडून 'भेट' ठरवता येते. तीस मिनिटे काही हालचाल झाली नाही तर भेट संपली, असा सर्वसाधारण संकेत आहे. तीस मिनिटेच का, याला शास्त्रीय आधार शोधू नये; तो व्यवहारापुरता पडलेला पायंडा आहे.

या पद्धतीलाही स्वतःचे आंधळे कोपरे आहेत. जाहिराती अडवणारी अनेक सॉफ्टवेअर हा तुकडाही अडवतात. नेटवर्क मंद असेल आणि पान पुरते उघडण्याआधीच वाचक कंटाळून निघून गेला, तर निरोप जातच नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत मात्र त्या मागणीची ओळ राहते. डोंगराळ भागातल्या दुबळ्या सिग्नलवर हे नित्याचे असते. म्हणूनच एकाच संकेतस्थळाचे लॉगवरून आणि तुकड्यावरून काढलेले आकडे क्वचितच जुळतात, आणि जुळले नाहीत म्हणून कोणी लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही.

व्याख्या कोण ठरवतो?

बहुतेक खासगी संकेतस्थळे आपले आकडे जाहीर करतात, पण ते कसे मोजले ते सांगत नाहीत. विकिपीडिया हा याला ठळक अपवाद. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील कोणत्याही लेखाचे, मग तो डहाणूवरचा असो, रोजचे पेज व्ह्यूज कोणालाही पाहता येतात आणि त्यामागची व्याख्याही उघड आहे. ती वाचली की 'पान उघडले' या दोन शब्दांत किती निर्णय दडलेले असतात ते कळते.

विकिमीडियाच्या सर्व्हरवर २००७च्या अखेरीपासून पानांच्या मागण्यांची सार्वजनिक मोजणी उपलब्ध होती. पण तीत माणूस आणि यंत्र एकाच तराजूत तोलले जात. २०१५ साली नवी व्याख्या लागू झाली. तिच्यानुसार मागणी यशस्वी असावी लागते, उत्तर वाचण्याजोगे पान असावे लागते, आणि लेखाचे संपादन करण्याची खिडकी उघडली तर ते पेज व्ह्यू धरले जात नाही. शोधयंत्रांचे 'कोळी', म्हणजे पाने गोळा करत फिरणारे प्रोग्राम, आपले नाव सांगत असतील तर ते वेगळ्या रकान्यात जातात. दुव्यावर कर्सर नेल्यावर लेखाचा लहानसा तुकडा चौकटीत दिसतो. तोही पेज व्ह्यू मानला जात नाही, त्याचा हिशेब निराळा ठेवला जातो. वाचकाला हवे ते त्या चौकटीतच मिळाले, तरी पानाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

यंत्रांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटला नाही. सगळेच प्रोग्राम आपली खरी ओळख देत नाहीत. म्हणून २०२० पासून विकिमीडियाने वागणुकीवरून यंत्र ओळखण्याची पद्धत आणली आणि 'वापरकर्ता', 'कोळी' यांच्या जोडीला 'स्वयंचलित' हा तिसरा गट केला. तरीही फसगत टळली नाही. २०२५च्या मे-जून महिन्यांत माणसांची म्हणून गणलेली वाहतूक अचानक वाढल्याचे दिसले, आणि त्यात ब्राझीलचा वाटा मोठा होता. तपासाअंती त्यातली बरीचशी ओळख लपवून आलेल्या यंत्रांची निघाली. गाळणी सुधारून फेरमोजणी केल्यावर माणसांचे पेज व्ह्यूज आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. वाढ वाटत होती ती घट निघाली. वाचक तेच होते. बदलली होती ती त्यांना यंत्रांपासून वेगळे करण्याची रीत.

लहान गावांच्या पानांना या फरकाचा फटका अधिक बसतो. ज्या पानाला दिवसाला लाखभर भेटी आहेत, तिथे एका प्रोग्रामने चाळीस वेळा डोकावले तर काही बिघडत नाही. पण दिवसाला चाळीस वेळा उघडल्या जाणाऱ्या एखाद्या गावाच्या पानावर तोच प्रोग्राम आला, तर आकडा दुप्पट होतो आणि 'गावाविषयी कुतूहल दुणावले' असा निष्कर्ष काढायला माणूस मोकळा होतो. चिकू महोत्सवाच्या आयोजकाने किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर राहण्याची सोय करणाऱ्याने अशा आकड्यावर भिस्त ठेवून खर्च केला, तर ती रक्कम त्याच्या खिशातून जाते.

नावाच्या लेखनाचीही अशीच अडचण आहे. 'डहाणू' आणि 'डहाणु' या दोन शीर्षकांपैकी एक दुसऱ्याकडे वळवलेले असेल, तर विकिपीडियाच्या मोजणीत ज्या शीर्षकाने पान मागितले त्याच्या नावावर नोंद होते. दोन्हींची बेरीज केल्याशिवाय खरा आकडा हाती येत नाही. शिवाय तलासरी हा गुजरातच्या सीमेला भिडलेला तालुका. तिथला वाचक गुजराती किंवा इंग्रजी पान उघडत असेल, तर मराठी पानाच्या हिशेबात तो नसतोच.

दिवस कोणता, ठिकाण कोणते?

विकिपीडियाच्या मोजणीतला दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार चालतो. भारतीय घड्याळात तो पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संपतो. डहाणूत पहाटे तीन वाजता धक्का बसला आणि घाबरलेल्या लोकांनी चार वाजेपर्यंत पाने उघडली, तर ती सगळी आदल्या तारखेच्या नावावर जातात. आलेख पाहणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर धक्क्याच्या आदल्या दिवशीच वाचक वाढल्याचे दिसेल. अशा आलेखावरून भूकंपाची पूर्वसूचना शोधण्याचा मोह कोणाला झाला, तर नवल नाही.

ठिकाणाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. वाचक कुठला, हे आयपी पत्त्यावरून अंदाजाने ठरवतात. घरोघरच्या ब्रॉडबँडच्या बाबतीत तो अंदाज बऱ्यापैकी जमतो. मोबाइलच्या बाबतीत कंपनीची वाहतूक ज्या मोठ्या शहरातून बाहेर पडते, तेथील पत्ता अनेकदा उमटतो. धुंदलवाडीतला वाचक अहवालात मुंबईचा म्हणून दिसू शकतो. गुगल अॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत तर वाचकसंख्या फार कमी असेल तेव्हा माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही ओळी झाकल्या जाऊ शकतात. विकिमीडिया गोपनीयता राखून देशवार आकडे प्रसिद्ध करते, तालुकावार नाही. हे धोरण योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की तलासरीसारखे ठिकाण आकड्यांत दिसण्याआधीच पुसले जाते.

पेज व्ह्यूचे महत्त्व कमी होत चालल्याची चर्चाही जुनी आहे. एकाच पानावर राहून आतला मजकूर बदलत जाणारी संकेतस्थळे आली. पत्रपेटी तासभर उघडी ठेवली किंवा चित्रफीत पाहत बसले, तरी पान एकच. जुलै २००७ मध्ये नेल्सन-नेटरेटिंग्ज या मोजणी कंपनीने संकेतस्थळांची क्रमवारी पेज व्ह्यूऐवजी व्यतीत केलेल्या एकूण वेळेवर लावण्याचे ठरवले, ते यामुळेच. याच्या उलट टोकाला, एका बातमीची बारा छायाचित्रे बारा पानांवर पसरवून बारा पेज व्ह्यूज मिळवण्याची युक्ती अनेक वृत्तसंकेतस्थळांनी वापरली. त्या 'पुढे' या बटणाचा वैताग वाचकांनी पुरेसा अनुभवलेला आहे.

हादरा आणि आलेख

एवढ्या मर्यादा असूनही या मोजमापाचा एक उपयोग असा आहे की तिथे हा आकडा जाहिरातीपलीकडे जातो, आणि तो थेट भूकंपाशी निगडित आहे. फ्रान्समध्ये युरोपियन-मेडिटेरेनियन सिस्मॉलॉजिकल सेंटर ही १९७५ साली स्थापन झालेली संस्था आहे. धक्का जाणवलेली माणसे पहिल्या काही मिनिटांतच तिच्या संकेतस्थळावर धाव घेतात, हे तेथील शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. रेमी बोस्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गर्दीचाच साधन म्हणून वापर केला. नेहमीच्या रहदारीपेक्षा नवे वाचक एकाएकी वाढले, आणि त्यांचे पत्ते एकाच भागातले असले, तर तिथे काहीतरी हलले आहे असे समजायचे. भूकंपमापकांच्या नोंदी गोळा होऊन केंद्रबिंदू निश्चित होण्याआधीही ही चाहूल लागू शकते. २३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया येथे झालेल्या ५.८ रिश्टरच्या भूकंपाचा त्यांनी असा अभ्यास केला. वेगवेगळ्या गावांतून वाचक कोणत्या क्षणी येऊ लागले ते मांडल्यावर जमिनीतून पसरत गेलेल्या लहरीचा माग लागला आणि केंद्रबिंदूचा अंदाजही बांधता आला.

इथे आकड्याचे मूल्य त्याच्या मोठेपणात नाही. वाचक एकूण किती, हा प्रश्नच नसतो. नेहमीच्या तुलनेत आणि कोणत्या मिनिटाला किती बदल झाला, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे यंत्रांची नेहमीची भर, साठवलेली पाने, दोनदा झालेल्या नोंदी हे दोष बऱ्याच अंशी एकमेकांत जिरतात. तलासरीच्या त्या मुलाने पान चार वेळा ताजे केले, ही जाहिरातदाराच्या हिशेबातली फुगवटी. भूकंपाच्या हिशेबात मात्र आधी नसलेला एक वाचक अकरा वाजून काही सेकंदांनी आला, हे पुरेसे आहे.

हीच पद्धत डहाणू-तलासरीला लावायची झाली तर मात्र दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली वर आलेलीच: मोबाइलचा पत्ता मुंबईचा दिसला, तर गर्दी कळेल पण गाव कळणार नाही. म्हणूनच त्या संस्थेने पुढे मोबाइल अॅपचाही आधार घेतला, कारण वापरणाऱ्याने परवानगी दिली तर अॅपला ठिकाण थेट समजते. दुसरी अडचण आकड्यांच्या अभावाची. या शास्त्रज्ञांनी उलट दिशेचीही खूण सांगितली आहे: एखाद्या भागातून संकेतस्थळावर असलेले वाचक धक्क्याच्या क्षणी एकदम नाहीसे झाले, तर तिथली वीज किंवा जाळे तुटले असावे आणि हानी मोठी असण्याचा संभव आहे. पण ही खूण दिसायला आधी तिथून कोणीतरी पान उघडलेले असावे लागते. ज्या पाड्यावर सिग्नल पोहोचत नाही, किंवा रात्री सगळ्या घरात मिळून एकच फोन असतो आणि तोही चार्जिंगअभावी बंद असतो, तिथला आकडा धक्क्यापूर्वी शून्य असतो आणि धक्क्यानंतरही शून्यच. त्या पाड्याची खबर घ्यायला तलाठी, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील यांनाच जावे लागते.